किबालेतल्या माशीच्या मागावर

शुक्रवार : मुंबई ते एंटेबे

सुट्टीत युगांडाला जातेय म्हटल्यावर स्टाफरूममध्ये गोरिला, चिंपांझी, सिंह अशी यादी सुरू झाली. मी म्हटलं, माशी बघायला जातेय. "माश्या मारायला आफ्रिकेपर्यंत कशाला जायचं? इथे सुपरव्हिजनला बसा की," असं फिजिक्सचे सर म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला.

झालं होतं असं, की २०१९ साली ‘बीएमसी बायॉलॉजी’ या नियतकालिकात सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या अमृता श्रीवत्सन, रुडॉल्फ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. पश्चिम युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात लावलेल्या एका सापळ्यातल्या, आठ आठवड्यांत जमलेल्या माश्यांवर त्यांनी काम केलं होतं. त्यातल्या फोरिड या चिमुकल्या माश्यांच्या कुळातल्या ७,०५९ माश्या एकेक करून तपासल्या, तर साडेसहाशेहून जास्त जाती निघाल्या. सापळा एक, महिने दोन! सहाराच्या खालच्या अख्ख्या आफ्रिकेतून या कुळाच्या जेवढ्या जाती तोवर नोंदलेल्या होत्या, त्याहून हा आकडा मोठा. त्यातल्या एकीला त्याच निबंधात रीतसर नाव मिळालं : मेगासेलिया सेप्सिऑइडीस.

वर्गात हा आकडा सांगितला की मुलं तेवढ्यापुरती माना डोलावतात. मला मात्र ते जंगल बघायचंच होतं. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, कंपालात नोकरीला आहे. त्याच्या ओळखीतून मकेरेरे विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याशी बोलणं झालं. तो किबालेतच माश्यांवर काम करतो. पीतज्वराची लस टोचून घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं आणि निघाले. युगांडा एअरलाइन्सची मुंबई-एंटेबे थेट सेवा २०२३ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे दुबई-नैरोबीचा वळसा वाचतो.

शनिवार : एंटेबे

सकाळी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर गेलो. दूर पाण्यावर काळपट लोट उठलेले दिसले. मला वाटलं, कुठेतरी काहीतरी पेटलंय. "ताई, तुझ्या माश्या," दादा म्हणाला. त्या ‘लेक फ्लाय’ निघाल्या. पाण्यात वाढलेली लाखो चिलटं एकाच वेळी पंख फुटून वर येतात. वारा काठाकडे वळला की घराच्या भिंती, दिवे, चहाचे कप, काही म्हणता काही सुटत नाही. मलावी सरोवराच्या काठी असल्याच चिलटांचे थवे धरून त्यांच्या वड्या थापतात आणि खातात. त्या चिलटाला ब्रिटिश म्युझियमचे एफ. डब्ल्यू. एडवर्ड्स यांनी १९३० मध्ये नाव दिलं : केओबोरस एडुलिस, म्हणजे खाण्याजोगा. हे एडवर्ड्स पुढे पुन्हा भेटणार आहेत.

एंटेबेला माशीचा इतिहास काळाकुट्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या काठावर निद्रारोगाची साथ पसरली आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं दगावली. १९०३ साली डेव्हिड ब्रूस यांनी इथेच काम करून त्से-त्से माशी हा रोग पसरवते हे दाखवून दिलं. त्यानंतर इंग्रज सरकारने काठावरची गावंच्या गावं उठवली. वनस्पती उद्यानातल्या मोठमोठ्या झाडांखाली आज शाळेच्या सहली डबे उघडून बसलेल्या असतात. सरोवर दिसतं, पण साथीचा मागमूस नाही.

रात्री कंपालाला वहिनीच्या हातचं वरणभात. मुक्काम तिथेच.

रविवार : कंपाला ते फोर्ट पोर्टल

अंतर साधारण तीनशे किलोमीटर. मित्याना, मुबेंदे अशी गावं मागे टाकत रस्ता पश्चिमेला जातो. वाटेत ‘रोलेक्स’ खाल्लं. चपातीवर ऑम्लेट, त्यात कोबी-टोमॅटो, आणि सगळ्याची गुंडाळी. चपाती इथे भारतीयांनी आणली. १९७२ साली इदी अमीनने त्यांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, पण चपाती काही गेली नाही. टपरीवरच्या पोराने ती लाटली मात्र अशी सफाईने की वहिनीनेही मान डोलावली.

क्येंजोजोच्या पुढे चहाचे मळे लागतात. हिरव्या टेकड्या, मधूनच मातीचा तांबडा रस्ता, आणि ढग बाजूला झाले तर पलीकडे रुवेंझोरीच्या रांगा. आम्हाला त्या पाचेक मिनिटंच दिसल्या. १९३४-३५ मध्ये ब्रिटिश म्युझियमची मोहीम या डोंगरांवर आली होती आणि तिच्यात वर उल्लेख केलेले एडवर्ड्स होते. डास आणि चिलटं हा त्यांचा खास विषय. इथून नेलेल्या नमुन्यांवर पुढे बरीच वर्षं ग्रंथ निघत राहिले. नमुने अर्थातच लंडनला. आज युगांडातल्या मुलाला आपल्याच डोंगरातली माशी जुन्या नावाशी पडताळून बघायची असेल, तर एक तर लंडनला पत्र लिहायचं, नाहीतर कुणीतरी फोटो पाठवील म्हणून थांबायचं.

फोर्ट पोर्टलला गारवा होता. गाव दीड हजार मीटर उंचीवर आहे. हे तोरो राज्याचं ठिकाण. इथल्या प्रत्येकाला जन्मनावाशिवाय एक ‘एम्पाको’ असतं. ही नावं मोजकी, जेमतेम डझनभर, आणि सगळं गाव त्यांतच वाटून घेतं. एम्पाकोने हाक मारणं म्हणजे आदरही आणि आपुलकीही. लॉजवाल्या मावशींनी मला जेवायला वाढता वाढताच ‘अकीकी’ करून टाकलं. आमच्या विद्यार्थ्याचं एम्पाको अमोटी, इथून पुढे मीही तेच वापरते. या भागात अमोटी शेकड्याने असल्यामुळे त्याची ओळख उघडी पडायची भीती नाही.

सोमवार : कन्यावारा

फोर्ट पोर्टलहून कामवेंगेच्या रस्त्याने थोडं गेलं की कन्यावाराचा फाटा लागतो. मकेरेरे विद्यापीठाचं जीवशास्त्रीय संशोधन केंद्र इथे, जंगलाच्या कडेलाच आहे. १९७० साली टॉम स्ट्रुसेकर लाल कोलोबस माकडांचा अभ्यास करायला इथे आले, तेव्हापासून या जंगलावर कुणाची ना कुणाची नजर आहे. राष्ट्रीय उद्यान मात्र ते १९९३ साली झालं. जगभरचे लोक इथे येतात ते बहुतेक माकडांसाठी. अमोटी हसत म्हणाला, "चिंपांझीला नाव असतं, आईचं नाव माहीत असतं, भांडण कुणाशी झालं तेही वहीत असतं. माझ्याकडे बाटली आहे."

परवानगीवाचून इथे पानही तोडता येत नाही. अमोटीकडे वन्यजीव प्राधिकरणाचा आणि राष्ट्रीय विज्ञान परिषदेचा असे दोन्ही कागद होते. मी नुसती बघणारी. तरी रजिस्टरमध्ये सही, गमबूट, आणि पँट मोज्यात खोचायची सक्त ताकीद. पाऊस हंगामाच्या शेवटाला आला होता, पण झाडांवरून ठिबकणं थांबत नव्हतं. आंबोलीच्या पावसात भिजलेल्या माणसाला वास ओळखीचा वाटतो. झाडं मात्र सगळी परकी. बुंध्याला पाख्यांसारखे आधार फुटलेले, आणि शेंडा कुठे आहे ते मान दुखेपर्यंत कळत नाही.

पायवाटेपासून थोडं आत सापळा होता. मॅलेझ ट्रॅप म्हणतात तो हाच. काळ्या जाळीची उभी भिंत, तिच्यावर पांढरं उतरतं छप्पर, आणि छपराच्या उंच कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली. याचे जनक रेने मॅलेझ हे स्वीडिश कीटकतज्ज्ञ. तंबूत शिरलेले किडे वरच्या कोपऱ्यात जमतात आणि फट सापडली की तिथून निसटतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग फटीपाशीच बाटली का लावू नये? १९३४ मध्ये ब्रह्मदेशात त्यांनी तो वापरून पाहिला, १९३७ मध्ये त्यावर लिहिलं, आणि आज जगातल्या अर्ध्याअधिक नव्या माश्या याच सापळ्यातून येत असाव्यात असं मला वाटतं. आमिष नाही, दिवा नाही, वीज नाही. उडता किडा भिंतीला धडकतो, उजेडाकडे वर सरकत जातो आणि बाटलीत पडतो.

अमोटीने बाटली फिरकी देऊन काढली, झाकण घट्ट लावलं, नवी बसवली आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने ठिकाण, उंची, तारखा लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. चिठ्ठी हरवली तर आतला ऐवज कचऱ्याच्या भावाचा. हत्ती येऊन सापळा तुडवतात, बबून दोऱ्या ओढतात, ते वेगळंच. मी बाटली उजेडात धरली. तळाशी दोन बोटं जाड करडा गाळ. नीट पाहिलं तेव्हा गाळात पंख दिसायला लागले.

मंगळवार : केंद्रातलं टेबल

प्रवासवर्णनात खोलीत बसलेल्या दिवसाला कुणी जागा देत नाही, पण मला सगळ्यात जास्त सापडलं ते इथेच.

गाळ बारीक चाळणीतून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. आधी फुलपाखरं, भुंगेरे, गांधीलमाश्या अशी ढोबळ मंडळी बाजूला. मग माश्या. मागच्या पंखांच्या जागी दोन घुंड्या, ज्यांना संतोलक म्हणतात, त्या दिसल्या की द्विपंखी गण पक्का. डासही यातच येतो. त्यातून फोरिड वेचायचे. ते कसे ओळखायचे, हे अमोटीने भिंगाखाली दाखवलं : पाठीला कुबड, डोकं खाली वाकलेलं, मागच्या मांड्या रुंद. पंखाच्या पुढच्या कडेला दोन-तीन जाड काळ्या शिरा अर्ध्यावर येऊन संपतात आणि उरलेल्या पंखभर पुसट तिरप्या रेषा. एकदा डोळ्याला सवय झाली की पुन्हा चुकत नाही. लांबी दोन-अडीच मिलिमीटर. हे म्हणजे मोठेच म्हणायचे, कारण जगातल्या सगळ्यात चिमुकल्या माश्यांपैकी एक याच कुळातली आहे. थायलंडमधली ती माशी ०.४ मिलिमीटरची, २०१२ साली नाव मिळालेली.

जिवंतपणी हे प्राणी उडण्यापेक्षा पळतात जास्त, तेही झटके देत, दिशा बदलत. काहींच्या अळ्या कुजक्यात वाढतात, काहींच्या भूछत्रात, आणि काही मुंग्यांच्या डोक्यात. मुंगीचं डोकं गळून पडेपर्यंत अळी आतच बसून खात राहते. एकाच कुळात इतके धंदे करणारे दुसरे प्राणी मला माहीत नाहीत.

भानगड सुरू होते ती पुढे. वेचलेल्यांतल्या बहुतेक मेगासेलिया या एकाच प्रजातीतल्या, प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. किबालेच्या त्या सापळ्यातल्या जातींपैकीही सुमारे नव्वद टक्के याच प्रजातीत मोडत होत्या. जगभरातून हिच्या दीड हजारांहून जास्त जातींना नावं दिलेली आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या त्या केसांवरून. कपाळावरचे राठ केस किती आणि कुठल्या दिशेला वळलेले, छातीच्या कडेच्या पट्टीवर केस आहेत की ती पट्टी बोडकी आहे, पंखाची पुढची शीर पंखाच्या लांबीच्या कितव्या हिश्शापर्यंत जाते, मागच्या पायाच्या नळीवर केसांची रांग कशी. एवढं करूनही भागलं नाही तर नराचं जननांग. त्यासाठी माशी नितळ करून, भाग सुटे करून काचपट्टीवर बसवायची. अमोटीने एक बसवून दाखवली. सुईच्या टोकाने पोटाचं शेवटचं टोक फिरवून नेमकं कुशीवर आणायला त्याला पाव तास लागला. मी तोवर श्वास धरून बसले होते, कारण माझ्या सुस्काऱ्यानेसुद्धा पंख उडाला असता.

सात हजार माश्या असल्या चालीने बघायच्या म्हणजे माणसाची नोकरी संपायची. म्हणून सिंगापूरच्या मंडळींनी क्रम उलटा केला. आधी सगळ्यांचा डीएनए, मग सूक्ष्मदर्शक. प्रत्येक माशीच्या एका ठराविक जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा. तो वाचायला त्यांनी मिनआयन नावाचं यंत्र वापरलं. ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीचं हे यंत्र खिशात मावतं आणि लॅपटॉपच्या यूएसबीला जोडून चालतं. त्यासाठी करोडोंची प्रयोगशाळा लागत नाही, आणि युगांडासारख्या देशाच्या दृष्टीने खरी बातमी हीच. अक्षरं जुळणाऱ्या माश्यांचे गट पाडले की प्रत्येक गटातल्या मोजक्याच माश्या भिंगाखाली घालायच्या. त्यांनी असे शंभर गट डोळ्यांनी पडताळले, त्र्याण्णव टक्के जुळले. उरलेल्यांसाठी डोळे लागतातच, हे डीएनएवाल्यांना अधूनमधून सांगावं लागतं.

मग तो निबंधाचा प्रिंटआउट निघाला, कोपरे दुमडलेला. मेगासेलिया सेप्सिऑइडीसच्या नराच्या पुढच्या मांडीला अर्धवर्तुळाकार फुगवटा आहे आणि त्यावर खुंट्यांसारखे आखूड जाड केस. मेगासेलियात हे असलं काही दिसणं म्हणजे नवलच. अशी घडण सेप्सिड या अगदी वेगळ्या कुळातल्या नरांत दिसते. ते समागमाच्या वेळी मादीचे पंख मुळाशी या पायांनी पकडून धरतात. नाव त्यावरूनच पडलं. सेप्सिऑइडीस पाय कशाला वापरतो, ते अंदाजानेच. त्याला जिवंत कुणी न्याहाळलं आहे?

‘नवी जात सापडली’ असं पेपरात एका ओळीत येतं. सापडणं तसं सोपं आहे, या टेबलावरच्या ट्रेमध्ये आत्ता पन्नास पडलेल्या असतील. ती नवी आहे असं ठरवण्यासाठी जुन्या सगळ्या चाळाव्या लागतात. रुवेंझोरीच्या पलीकडे, काँगोच्या बाजूला, तेव्हाच्या आल्बर्ट राष्ट्रीय उद्यानातून जमवलेल्या फोरिडांचं वर्णन बायर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलं होतं. माश्या सीमा पाळत नाहीत, तेव्हा किबालेतल्या मेगासेलियाला नाव देण्याआधी बायर उघडणं आलंच. त्यानंतर एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून ठरवायचा, तो कुठल्या संग्रहालयात ठेवला ते छापायचं, इतरांपासून ती कशाने वेगळी ते स्पष्ट लिहायचं. निबंध फक्त इंटरनेटवर निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत यादीत नोंदही करायची. ऑनलाइन छापलेलं नाव ग्राह्य धरायला लागले तेच मुळी २०१२ पासून. यातली एक पायरी चुकली की नाव बाद.

अमोटीकडे एक नर आहे, जो त्याला कशाशीच जुळत नाही. वहीत त्याला फक्त नंबर आहे. "नाव ठरवलंस का?" मी विचारलं. तो म्हणाला, "आधी मादी सापडू दे." मेगासेलियात नर-मादी एकाच जातीचे आहेत हे नुसत्या डोळ्यांनी जुळवणं महाकठीण. तिथे मात्र डीएनए चुटकीसरशी काम करतो.

बुधवार : कन्यान्चू आणि बिगोदी

आज दादा-वहिनीसाठी चिंपांझी. किबालेत ते हजाराच्या वर आहेत. परमिटचे पैसे ऐकून डोळे पांढरे होतात, पण दिसले, अगदी जवळून. एका नराने झाडाच्या आधारावर पाय आपटून जो दणका काढला त्याने वहिनी माझ्या मागे लपली. याबद्दल लोकांनी भरपूर लिहिलं आहे, मी भर घालत नाही.

मला त्याच वाटेवर सियाफू भेटले. शिकारी मुंग्यांचा हा लष्करी तांडा वाट ओलांडत होता. कडेने मोठ्या जबड्यांचे शिपाई, मधून कामकरी. गाइडने सगळ्यांना ढांगा टाकून पळवलं. मी दोन पावलं मागे थांबून वाकून बघत राहिले, कारण अशा मुंग्यांच्या संगतीने राहणारे फोरिड असतात आणि काहींच्या माद्यांना पंखच नसतात. दिसला एकही नाही. एक मुंगी मात्र मोज्याच्या वर पोचली. पँट का खोचायची, ते तेव्हा कळलं.

दुपारी बिगोदीची पाणथळ. गावकऱ्यांच्या संस्थेने १९९२ पासून ती राखली आहे. गाइडची फी गावाच्या कामाला जाते. पपायरसच्या गचपणातून लाकडी फळ्यांची वाट आहे आणि तिच्यावरून चालताना लाल कोलोबस अगदी डोक्यावर. वहिनीला ही जागा चिंपांझींपेक्षा आवडली, मलाही.

गुरुवार : परत, झिकावरून

पहाटे निघून कंपालामार्गे एंटेबेच्या रस्त्याला लागलो. किसुबीजवळ एक छोटंसं जंगल आहे. नाव झिका. हो, तोच तो, विषाणूवाला. युगांडाच्या विषाणू संशोधन संस्थेच्या ताब्यात आहे, आधी विचारून जावं लागतं.

१९४७ साली पीतज्वराचा माग काढण्यासाठी इथे झाडांवर पिंजऱ्यात ऱ्हीसस माकडं ठेवत. ही माकडं आशियातली, आपल्याकडची. त्यातल्या एकाला ताप आला आणि त्याच्या रक्तात मिळाला एक अनोळखी विषाणू. पुढच्या वर्षी तोच इथल्या डासांत सापडला. डिक, किचन आणि हॅडो यांनी १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डास होता एडिस आफ्रिकानस, आणि थिओबाल्ड यांनी त्याचं वर्णन १९०१ मध्येच करून ठेवलेलं होतं. तेव्हा ते काम कुणाच्या खिजगणतीत नसणार, डासाच्या अंगावरचे खवले मोजत बसलेला एक माणूस. सत्तेचाळीस वर्षांनी विषाणूवाल्यांना डास ओळखायला क्षणभरही अडलं नाही ते त्यामुळे. अमोटीच्या वहीतल्या नंबरवाल्या नराचं असं काही होईल असं नाही. बहुतेक फोरिड माणसाच्या वाटेला जातही नाहीत. पण थिओबाल्डनाही कुठे ठाऊक होतं?

जंगलात सुमारे १२० फुटी लोखंडी मनोरा उभा आहे. वेगवेगळ्या उंचीवर माणसं बसवून, त्यांना चावायला येणारे डास दिवसरात्र तासातासाने धरायचे आणि मोजायचे, ही हॅडो यांची पद्धत. तिच्यातून कळलं की एडिस आफ्रिकानस सगळ्यात जास्त चावतो तो सूर्य मावळल्यावरच्या तासाभरात, वर झाडांच्या शेंड्यांजवळ. राखणदाराने हे सांगून झाल्यावर विचारलं, वर जायचंय का? दादाने घड्याळ बघितलं. साडेपाच वाजले होते. आम्ही विमानतळाचा रस्ता धरला.